मस्कत: मुत्राह आणि जुने बंदर नीट पाहायचे असेल तर

दर्यावर्दी

मस्कतचा बेत आखताना मोठी मशीद (सुलतान काबूस मशीद), एखादा मॉल आणि वाळवंटातला मुक्काम एवढे आधी पक्के होते. जुने बंदर उरलेल्या वेळेत कुठेतरी बसवले जाते. हा धागा त्या जुन्या बंदरासाठी आहे. माझ्या मते मस्कतला जाण्याचे खरे कारण तेच आहे, आणि त्याला किमान दीड दिवस द्यायलाच हवा.

आधी भूगोल. तो कळला नाही तर वेळ आणि टॅक्सीचे पैसे दोन्ही वाया जातात. आज ज्याला मस्कत म्हणतात ते शहर किनाऱ्याला धरून पन्नासेक किलोमीटर लांब पसरले आहे. विमानतळ पश्चिमेला सीबकडे आहे आणि तिथून मुत्राह साधारण ३० किमी पडते. हॉटेलच्या पत्त्यात मस्कत लिहिलेले असले तरी हॉटेल अल खुवैर किंवा घुब्रात असू शकते. तिथून बंदराला जायला अर्धा तास धरा, संध्याकाळच्या गर्दीत त्याहून जास्त.

मूळ मस्कत म्हणजे तटबंदीच्या आतले एवढेसे गाव. राजवाडा तिथे, आणि बंदराच्या तोंडावरचे दोन किल्लेही तिथेच. शेजारच्या वळणात मुत्राह: बाजार, गोदी, मासळी. दोघांच्या मध्ये काळपट, झाडाचे नाव नसलेला डोंगर. मस्कतचे बंदर खोल, आडोशाचे आणि चिंचोळ्या तोंडाचे असल्यामुळे राखायला सोपे होते, पण मागे डोंगर असल्याने मालाच्या तांड्यांना जागा नव्हती. आत देशात जाणारी वाट मुत्राहहून सुटत असे, म्हणून व्यापार तिथे वाढला. सत्ता एका कोनाड्यात आणि बाजार दुसऱ्यात, हे डोक्यात ठेवून फिरलात तर दोन्ही जागा नीट उलगडतात.

मुक्काम शक्यतो मुत्राहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर करा. हॉटेले जुनी आणि साधी आहेत, पण पहाटेची मासळी, सकाळची चाल आणि रात्रीचा बाजार हे तिन्ही पायी जमते. ते नाही जमले तर शहराचा रुवी हा भाग. मवासलातची ४ क्रमांकाची बस रुवीहून मुत्राहमार्गे जुन्या मस्कतकडे जाते.

एक नियम आधीच लिहून ठेवा. तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारी सकाळी बाजार बंद, मोठी मशीद मुस्लिमेतरांसाठी दिवसभर बंद, आणि संग्रहालये एकतर बंद किंवा दुपारनंतर उघडी. शुक्रवारी सकाळी विमान उतरणार असेल तर त्या दिवशी विश्रांती आणि संध्याकाळी बाजार, एवढेच ठरवा.

चाफेकळी

छान धागा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण दोन दिवस मिळणार आहेत. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आहेत, दोघे शाकाहारी. बाबांना चालणे जमते, आईला पायऱ्या जमत नाहीत. काय ठेवू, काय गाळू?

दर्यावर्दी

चाफेकळी, डिसेंबर उत्तम. नोव्हेंबर ते मार्च हाच फिरण्याचा काळ. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीपलीकडे आणि वर समुद्राची दमट हवा, त्यात दुपारी कॉर्निशवर चालणे धोक्याचे आहे.

पहिला दिवस: सकाळी पावणेआठला मोठ्या मशिदीच्या दाराशी. मुस्लिमेतरांना शनिवार ते गुरुवार फक्त ८ ते ११ आत सोडतात. दहानंतर क्रूझच्या आणि सहलीच्या बसगाड्या येतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. तिथून ऑपेरा हाउस वाटेवरच आहे. २०११ मध्ये सुरू झालेली सुंदर इमारत, आतले लाकूडकाम पाहायला अर्धा-पाऊण तास पुरे. दुपारी आराम. पाच वाजता मुत्राहचा बाजार, मग कॉर्निशवर बसणे.

दुसरा दिवस: ज्यांना आवड आहे त्यांनी सकाळी मासळी बाजार उरकावा, आईंनी झोप घ्यावी. दहाला राष्ट्रीय संग्रहालय उघडते. ते थेट राजवाड्यासमोर आहे. उद्वाहक आहेत, चाकाची खुर्ची सगळीकडे जाते, ब्रेल फलकही आहेत. अडीच तास ठेवा. मग राजवाड्यासमोरचा चौक, तिथून दोन्ही किल्ल्यांचे दर्शन आणि बैत अल झुबैर हे जुन्या घरातले संग्रहालय.

गाळायचे ते मुत्राहचा किल्ला (पायऱ्या उभ्या चढाच्या आहेत) आणि डोंगरवाट. बाबांना हवे असेल तर किल्ला त्यांनी एकट्याने पाहावा, वरून सगळे बंदर दिसते.

जेवणाची काळजी नको. रुवीत गुजराती आणि दाक्षिणात्य शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत. मुत्राहमध्ये पर्याय थोडे आहेत, म्हणून दुपारचे जेवण रुवीत ठरवा.

शेवंती

मशिदीबद्दल भर घालते, कारण दारातून परत पाठवलेली कुटुंबे तिथे रोज दिसतात. बायकांचे केस पूर्ण झाकलेले, बाही मनगटापर्यंत, खाली घोट्यापर्यंत, आणि कापड पारदर्शक नको. सलवार-कमीज आणि जाड ओढणी चालते. साडी चालत नाही असे नाही, पण पोट-पाठ दिसली की अडवतात, त्यामुळे साडीवर अबाया घ्यावा लागतो. तो तिथे भाड्याने मिळतो, पण रांगेत वीस मिनिटे जातात. ओढणी पिनांनी बसवून न्या, ती घसरली की रखवालदार दर वेळी थांबवतो. पुरुषांना पूर्ण विजार. अर्ध्या चड्डीत सोडत नाहीत. दहा वर्षांखालील मुलांना मुख्य दालनात नेता येत नाही, तेव्हा एक मोठा माणूस बाहेर राहील असे आधीच ठरवा.

आत काय पाहायचे: ही मशीद २००१ मध्ये खुली झाली. मुख्य दालनातला गालिचा एकसंध आहे, ४,३०० चौरस मीटरच्या वर आणि वजन सुमारे २१ टन. इराणमध्ये सहाशे बायकांनी तो चार वर्षे विणला. पर्यटकांनी त्यावर पाय ठेवायचा नसतो, निळ्या पट्टीवरूनच चालायचे. वरचे झुंबर १४ मीटर उंच आहे. पण माझा सल्ला असा की गालिचा आणि झुंबर पाहून परत फिरू नका. बाहेरच्या लांब कमानींखालच्या भिंतींत प्रत्येक कोनाड्याची नक्षी इस्लामी जगातल्या वेगळ्या प्रदेशाची आहे, ती सावकाश पाहा. आणि बांधकामातला दगड भारतातून गेलेला वालुकाश्म आहे, सुमारे तीन लाख टन.

मीठभाकर

माझे मत थोडे वेगळे आहे. मुत्राहच्या बाजाराचे जरा जास्तच कौतुक होते. दर्शनी दुकानांत पश्मिना म्हणून विकतात त्या शाली, चिनी दिवे, उंटाची खेळणी. यातला बराच माल आपल्याकडूनच जातो. तेवढ्यासाठी एक संध्याकाळ कशाला?

दर्यावर्दी

मीठभाकर, दर्शनी भागाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण बाजार तिथे संपत नाही. कॉर्निशवरच्या मोठ्या दारातून आत गेल्यावर पहिली दीडदोनशे पावले पर्यटकांची. ती न थांबता ओलांडा. पुढे आडव्या गल्ल्या लागतात. तिथे सोने, मग मसाले, कापड, टोप्या, भांडी. स्थानिक लोक तिथे खरेदी करतात आणि दुकानदार हाका मारत नाहीत.

या बाजाराला जुन्या लोकांत अंधाराचा बाजार म्हणतात. गल्ल्या इतक्या अरुंद आणि झाकलेल्या की दिवसाही दिवा लागायचा. वाट चुकणे ठरलेलेच आहे, त्यावर उपाय सोपा: उतार धरा. हा सगळा बाजार ओहोळाच्या तोंडावर वसलेला आहे, जमीन समुद्राकडे उतरते. उतार धरून चालले की कॉर्निश येतेच. याच कारणाने जोराचा पाऊस झाला की डोंगरावरचे पाणी गल्ल्यांत शिरते. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी बाजार आणि डोंगरवाट दोन्ही टाळा.

वेळा: सकाळी साधारण ९ ते १, मग बंद, आणि चार-पाचपासून रात्री दहापर्यंत. दुपारी दोनला जाणारे बंद शटर पाहून परततात. बंदरात क्रूझ लागलेले असेल त्या सकाळी भाव चढे आणि गल्ल्या तुंबलेल्या. कॉर्निशवरून जहाज दिसले की सरळ संध्याकाळवर ढकला, बहुतेक जहाजे तोवर निघालेली असतात.

मुत्राहमधली आणखी एक गोष्ट माहीत असावी. कॉर्निशवरच्या उंच, जाळीदार खिडक्यांच्या पांढऱ्या घरांमागे सूर अल लवातिया ही तटबंदीची वस्ती आहे. सिंध-कच्छशी नाते सांगणाऱ्या लवाती समाजाची ती. त्यांची बोलीही त्या बाजूची. वस्तीत बाहेरच्यांना प्रवेश नाही, दारातून डोकावून फोटो काढू नका. बाहेरून सज्जे आणि निळ्या घुमटाची मशीद पाहावी, बस.

शेवंती

खरेदीत जे खरोखर ओमानचे आहे तेवढेच घ्यावे: लोबान, चांदी, कुम्मा टोपी, हलवा.

लोबानाचे झाड दक्षिणेत धोफारमध्ये वाढते. तिकडची लोबानाची भूमी युनेस्कोच्या यादीत २००० साली आली. सर्वात वरची प्रत होजारी. खडा हिरवट-पांढरा, प्रकाशात धरला तर अर्धपारदर्शक, वास लिंबाच्या सालीसारखा. पिवळा-तपकिरी, चिकट आणि सालीचे तुकडे चिकटलेला माल खालच्या प्रतीचा. तो धुरीला चालतो, पण होजारीच्या भावात घेऊ नका. खड्यांवरची पांढरी भुकटी म्हणजे भेसळ नव्हे, खडे एकमेकांवर घासून ती होते. दुकानदाराला दोन खडे निखाऱ्यावर टाकून दाखवायला सांगा, ते आनंदाने दाखवतात. भाव विचारताना "किती ग्रॅमला" हे आधी ठरवा. शोभेच्या डबीत भरलेल्या लोबानात पैसे डबीचे जातात. सुटा घ्या, पारखून घ्या.

आपल्याकडे किराणा दुकानात लोबान किंवा ऊद म्हणून जे मिळते ते बहुधा वेगळ्याच झाडाचे राळ असते. ओमानच्या लोबानाचे खरे भावंड सातपुडा आणि विदर्भाच्या रानातली सलई. कूळ तेच, जात वेगळी.

कुम्मा: भरतकामाच्या टोपीत हाताने केलेली आणि यंत्राची यांत किमतीचा मोठा फरक असतो. उलटी करून आतली बाजू पाहा. हाताच्या कामात बारीक भोके एकेक टाका घालून बांधलेली असतात आणि आत-बाहेर जवळजवळ सारखे दिसते. यंत्राच्या टोपीत आतून धाग्यांचे जाळे. हाताच्या टोपीला काही महिने लागतात, तिच्या भावात घासाघीस जरा बेतानेच करावी.

हलवा: साखर, कांजीचे सत्त्व, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी. फ्रिजशिवाय बरेच दिवस टिकतो. ताजा, कोमट मिळाला तर तिथेच कहव्याबरोबर खा. घरी आणायला घट्ट झाकणाचे भांडे घ्या, आणि ते चेक-इन सामानात टाका. हातातल्या सामानात असले मऊ पदार्थ सुरक्षा तपासणीत अडकतात.

तांडेल

चांदी आणि नाण्यांबद्दल. जुन्या दुकानांत मारिया थेरेसा डॉलर हमखास दाखवतात. हे ऑस्ट्रियाच्या राणीचे नाणे अरबी किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चलन होते आणि ओमानी दागिने तीच नाणी वितळवून घडवत. त्यावर कायम १७८० साल असते, कारण राणी वारल्यावर पुढची सगळी नाणी त्याच सालाच्या ठशाने पाडली गेली. तेव्हा "१७८० चे नाणे" म्हणून कोणी चढा भाव सांगितला तर तो भाव सालाचा नाही. वजन सुमारे २८ ग्रॅम भरले पाहिजे, चांदी हजारात ८३३. दोन-तीन ग्रॅम कमी भरले तर ठेवून द्या. खिशात मावेल असा छोटा काटा नेला तर सगळे वाद मिटतात.

आखाती रुपयाच्या नोटाही दिसतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी काढलेल्या. ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या, मग रियाल आला. दुकानातल्या बऱ्याच नोटा नकला असतात, माहितगार सोबत नसेल तर घेऊ नका.

खंजर: ओमानच्या राजचिन्हात आहे, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. पाहताना मूठ, पाते, म्यान आणि कंबरपट्टा अशा चार गोष्टी वेगवेगळ्या पाहा. म्यानावरच्या कड्या साधारण चार, सईदी म्हणजे राजघराण्याच्या घडणीत सात. चांदीची तार हाताने ओढून गुंफलेली आहे की पत्र्यावर ठसा मारलेला, हे नखाने चाचपून कळते. गेंड्याच्या शिंगाची मूठ म्हणून कोणी दाखवली तर हातही लावू नका. तो व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे, आणि विमानतळावर पकडले तर वस्तू आणि पैसे दोन्ही जातील. चंदनी किंवा साध्या लाकडाच्या मुठीचा घ्या. विमानात फक्त चेक-इनमध्ये, आणि पावती जपून ठेवा.

आणि पैशांबद्दल एक कळीची गोष्ट. एका रियालचे १००० बैसा. किमती दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांत लिहितात. पाटीवर १.५०० असेल तर ते दीड रियाल. नवख्या माणसाला ते पंधराशे वाटतात, आणि उलट "पाचशे" ऐकून पाचशे बैसा समजायचे की आणखी काही, यात गोंधळ होतो. नोट देण्याआधी आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवून घ्या. रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला साधारण २.६० डॉलर. म्हणजे "फक्त पाच रियाल" वाटते तेवढे फक्त नाही.

वाटसरू

मुत्राह ते जुने मस्कत टॅक्सीने पाच मिनिटे, पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी निदान एकदा जुन्या डोंगरवाटेचा तुकडा चालावा. गाडीरस्ता होण्याआधी दोन्ही गावांमधले येणेजाणे डोंगरातूनच होते. आज त्यातला रियाम ते मुत्राह हा भाग सी-३८ नावाने आखलेला आहे.

रियाम बागेपाशी उतरा. टेकडीवरची अगडबंब धूपदाणी ही खूण. रस्त्याच्या पलीकडून, घरांच्या मागून वाट सुरू होते. खडकांवर पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या रंगवल्या आहेत. शंभर पावले गेलात आणि पट्टी दिसली नाही तर मागे फिरा, अंदाजाने पुढे जाऊ नका. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, थांबत-पाहत दीड ते दोन तास. सुरुवातीला दगडी पायऱ्यांचा खडा चढ, मग माथा, मग कोरड्या ओहोळातून उतरत मुत्राहच्या घरांमागे. रियामहून सुरू करण्याचे कारण: चढ सकाळच्या गारव्यात सरतो आणि शेवट बाजाराजवळ होतो.

माणशी दीड लिटर पाणी, कारण वाटेत ना दुकान ना सावली. चपला नकोत, दगड सुटे आणि धारदार आहेत, पकड असलेले बूट हवेत. सकाळी सातला निघा. एप्रिल ते ऑक्टोबर जाऊ नका. पाऊस पडत असेल किंवा नुकताच पडून गेला असेल तरी नाही, शेवटचा टप्पा ओहोळाच्या पात्रातून आहे आणि वरचे पाणी अचानक येते.

गलबत

जुन्या मस्कतच्या किल्ल्यांबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो. पोर्तुगीजांनी मस्कत १५०७ मध्ये अल्बुकर्कच्या हाताखाली जाळून घेतले आणि जवळजवळ दीडशे वर्षे ठेवले. बंदराच्या तोंडावरचे अल जलाली आणि अल मिरानी हे किल्ले त्यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या रूपाला आणले. राजवाड्यामागच्या धक्क्याकडे तोंड करून उभे राहिलात तर जलाली उजवीकडे, मिरानी डावीकडे. जलाली बरीच वर्षे तुरुंग होता. दोन्ही बाहेरूनच पाहायचे असे धरून चला. फोटो काढता येतो, पण पहारेकरी, पोलीस आणि नौदलाच्या बोटी चौकटीत घेऊ नका. ड्रोन परवान्याशिवाय नेलाच नाही तर बरे, जप्त होतो.

१६५० मध्ये ओमानचा शासक इमाम सुलतान बिन सैफ याने पोर्तुगीजांना घालवले. ओमानी इतिहासकार इब्न रुझैक याने त्याची एक कथा नोंदवली आहे. गडाला रसद पुरवणाऱ्या नरोत्तम नावाच्या बनिया व्यापाऱ्याची मुलगी पोर्तुगीज अंमलदाराने मागितली. नरोत्तमने तोफांची दारू बदलायची, धान्य नवे भरायचे असे सांगून कोठारे रिकामी केली आणि इमामाला निरोप धाडला. कथा किती खरी यावर अभ्यासकांत वाद आहे, पण भारतीय व्यापारी त्या बंदरात किती आतवर होते हे तिच्यातून दिसते. कच्छ-मांडवीचे भाटिया पुढेही तिथे राहिले. खिमजी रामदास ही पेढी १८७० पासूनची. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळच मोतीश्वर महादेवाचे देऊळ आहे, दर्सैतमध्ये कृष्णाचे. चाफेकळी, आईबाबांना दोन्ही दाखवता येतील. देऊळ सकाळी आणि संध्याकाळी उघडे असते, दुपारी बंद. फोटो काढण्याआधी विचारा.

बंदराभोवतीच्या खडकांवर पांढऱ्या रंगात जहाजांची नावे दिसतील. इथे नांगर टाकलेल्या जहाजांचे खलाशी होडीतून जाऊन ती रंगवत. दुर्बीण असेल तर न्या, बरीच नावे अजून वाचता येतात.

आणि तटाच्या दरवाजापाशी दोन मिनिटे थांबा. १९७० पर्यंत सूर्यास्तानंतर तीन तासांनी तोफ होई आणि दरवाजे बंद होत. त्यानंतर गावात फिरायचे तर हातात कंदील हवा, असा नियम होता. अवघ्या दोन पिढ्यांपूर्वीची गोष्ट.

तांडेल

गलबत यांच्या मजकुराला मुंबईची जोड देतो. ओमानच्या आरमाराची मोठी जहाजे मुंबईत बांधलेली होती. सुलतान सय्यद सईदसाठी वाडियांनी मुंबईच्या गोदीत ७४ तोफांचे 'लिव्हरपूल' १८२६ मध्ये बांधले. सुलतानाने ते १८३६ मध्ये ब्रिटनच्या राजाला भेट दिले आणि त्याचे नाव 'इमाम' झाले. १८४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेले 'सुलताना' हे जहाज माझगावला १८३३ मध्ये बांधलेले. राष्ट्रीय संग्रहालयाच्या सागरी दालनात हा सगळा संदर्भ मनात असला तर नुसते जहाजांचे नमुने पाहण्यापेक्षा पुष्कळ जास्त हाती लागते. त्या दालनाला पाऊण तास द्या, घाई करायची तर नाण्यांत आणि शस्त्रांत करा.

अल बुस्तानच्या चौकात 'सोहार' हे गलबत उभे आहे. खिळा न वापरता काथ्याने फळ्या शिवून ओमानच्याच सूर या बंदरगावात बांधले आणि १९८०-८१ मध्ये मस्कतहून चीनच्या कँटनपर्यंत नेले. थांबून पाहण्यासारखे आहे, पण टॅक्सीवाला चौकात थांबत नाही, आधी सांगून ठेवा. शिवलेल्या जहाजाची हीच विद्या वापरून गोव्यात 'कौंडिण्य' बांधले गेले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घेतला आणि २०२५ मध्ये ते भारतीय नौदलात दाखल झाले.

मीठभाकर

बाजाराबद्दलचे मत मागे घ्यायला हरकत नाही असे दिसते. मासळी बाजाराबद्दल कोणी सांगेल का? आणि बैत अल झुबैरला जायचेच का, राष्ट्रीय संग्रहालय पाहिल्यावर?

दर्यावर्दी

बैत अल झुबैरला जा. १९१४ चे घर, १९९८ पासून संग्रहालय. राष्ट्रीय संग्रहालयात देशाचा इतिहास आहे, इथे घरातल्या वस्तू आहेत: प्रदेशाप्रदेशाचे बायकांचे पोशाख, दागिने, खंजर, स्वयंपाकाची भांडी, अंगणात फलज म्हणजे पाटाच्या पाण्याचा नमुना. दीड तास पुरे. शुक्रवारी बंद. दोन्हींपैकी एकच शक्य असेल आणि सोबत थकलेली माणसे असतील तर हे लहान घर निवडा. मुत्राहच्या कॉर्निशच्या मागे घाल्या नावाचे छोटे संग्रहालयही आहे, १९५० ते १९७५ मधले ओमानी घर तसेच्या तसे मांडलेले. वेळ उरला तरच.

मासळी बाजार कॉर्निशच्या बंदराकडच्या टोकाला. नवी इमारत २०१७ ची, नॉर्वेच्या स्नोहेटा संस्थेने आखलेली, वर लाटेसारख्या वळणाच्या पट्ट्यांचे छत. साडेसहाला पोहोचा. नवाच्या पुढे ओटे धुवायला लागतात. सुरमई, कुपा, तारली, मोरी, कोळंबी, सगळी ओळखीची मंडळी. फरशी ओली असते, घसरणारे बूट नकोत. एका बाजूला मासे साफ करून देणारे बसतात. हॉटेलात स्वयंपाकघर असेल तर विकत घेऊन तिथेच कापून घ्या. नसेल तर जेवायला 'मशुई' मागा: अख्खी सुरमई भाजून, लिंबाच्या भाताबरोबर.

बंदरात मालवाहू जहाजे आता दिसणार नाहीत. ती वाहतूक २०१४ मध्ये सोहारला हलवली. आता इथे क्रूझ, सुलतानाच्या खासगी नौका आणि कडेला लाकडी पडाव.

चाफेकळी

व्हिसाचे काय? आणि टॅक्सीत फसवतात का?

वाटसरू

व्हिसा: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा रहिवास परवाना ज्या भारतीयांकडे आहे त्यांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. सोबत हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि आरोग्य विमा हवा. आईबाबांकडे यातले काही नसेल तर ई-व्हिसा काढा, आणि तो रॉयल ओमान पोलिसांच्याच संकेतस्थळावरून. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट वर येतात आणि जास्त पैसे घेतात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी त्याच संकेतस्थळावर एकदा पाहा. पासपोर्टवरचे नाव आणि अर्जातले नाव अक्षरश: जुळले पाहिजे. मधले नाव गाळले की अर्ज अडतो.

टॅक्सी: ओटॅक्सी ॲप घ्या, भाडे आधी दिसते. रस्त्यावरच्या पांढऱ्या-नारिंगी टॅक्सीत दोन प्रकार चालतात, सीटप्रमाणे आणि पूर्ण गाडी. पूर्ण गाडीला तिथे 'एंगेज्ड' म्हणतात. न बोलता बसलात तर उतरताना चालक पूर्ण गाडीचे भाडे मागतो आणि त्यात त्याची फसवणूक असतेच असे नाही. बसण्याआधी भाडे आणि प्रकार दोन्ही बोलून घ्या.

आईबाबांच्या रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या आणि कोडीनच्या औषधांबाबत तिथे कडक आहेत.

शेवंती

रमजानात जाणाऱ्यांसाठी एक ओळ: दिवसा रस्त्यात पाणीसुद्धा पिऊ नका, संग्रहालयांच्या वेळा आखडतात, पण रात्री मुत्राहचा बाजार उशिरापर्यंत जागा असतो आणि तो बघण्यासारखा असतो.

मीठभाकर

होजारी लोबान आणला तर घरी जाळायचा कसा? आपल्या धुपाटण्यात नुसता काळा धूर होतो अशी तक्रार ऐकली आहे.

शेवंती

निखारा फार तापलेला असताना खडा टाकला की राळ जळते, म्हणून काळा धूर आणि करपट वास. बाजारात मिळणाऱ्या गोल, झटपट पेटणाऱ्या कोळशात पेटवण्यासाठी सोरा घातलेला असतो, त्याचाही वास येतो. तो पूर्ण पेटून वर राखेचा राखाडी थर येईपर्यंत दहा मिनिटे थांबा. निखाऱ्यावर चमचाभर राख पसरा, आणि त्या राखेवर वाटाण्याएवढे दोन खडे. धूर पांढरा, संथ आला पाहिजे. खडा बुडबुडे येऊन काळा पडायला लागला की चिमट्याने काढा आणि नवा ठेवा. एका खोलीला दोन-तीन खडे पुष्कळ, एक खिडकी किलकिली ठेवून. घरात दमेकरी असेल तर धुरी करू नका. उरलेला लोबान काचेच्या बरणीत, उन्हापासून लांब. वर्षानुवर्षे टिकतो.